माथेरानला हवापालट: घरच्यांना घेऊन पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

डोंगरावर दोन रात्री राहून आलं की घर पुन्हा ताळ्यावर येतं, हा माझा पक्का अनुभव आहे. मुलं नीट झोपतात, नवरा-बायको एकमेकांशी कामाव्यतिरिक्त बोलतात, आजी-आजोबांच्या गोष्टी कोणीतरी शेवटपर्यंत ऐकतं. पण हे आपोआप होत नाही. शनिवारी पहाटे निघायचं, घाटातल्या रांगेत अर्धा दिवस घालवायचा, उरलेल्या वेळात भराभर पॉइंट उरकायचे आणि रविवारी रात्री अंग मोडून घरी यायचं, अशी सहल केली तर सोमवारी आणखी एक सुट्टी घ्यावीशी वाटते. विसावा हवा असेल तर जागा नीट निवडावी लागते आणि कार्यक्रम कमी ठेवावा लागतो.

पहिल्या खेपेला मी सगळ्यांना माथेरान सुचवते. महाबळेश्वर मोठं आहे, भंडारदरा सुंदर आहे, आंबोलीचं जंगल वेगळंच आहे. पण माथेरानला एक गोष्ट आहे जी बाकी कुठं नाही: गावात मोटार जात नाही. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी सोडली तर खाजगी वाहनांना गावात बंदी आहे. केंद्र सरकारने २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. लहान मुलाचा हात सोडून रस्त्यावर चालता येणं हे आईबापांसाठी किती मोठं सुख आहे, ते तिथं गेल्यावर कळतं. दिवसभर पाठीमागून हॉर्न वाजत नाही, म्हणून खांदे आपोआप खाली येतात.

आधी हे समजून घ्या

माथेरान रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात आहे. समुद्रसपाटीपासून उंची साधारण ८०० मीटर. एवढ्या उंचीवर श्वास लागण्याचा किंवा डोकं दुखण्याचा त्रास होत नाही, त्यामुळे घरात वयस्कर माणसं असतील तरी उंचीची धास्ती घेऊ नका. दर हजार मीटरला हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. त्या हिशेबाने पायथ्याच्या नेरळपेक्षा वर चार-पाच अंशांचा फरक पडतो. त्यात माथ्यावर जांभूळ, अंजनी, हिरडा यांची दाट सावली आहे, म्हणून भर दुपारी चाललं तरी ऊन फारसं लागत नाही.

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये इथं चढून आला आणि मग मुंबईच्या साहेबांनी व शेटजींनी इथं बंगले बांधले. पायथ्याच्या वाड्यांमधले ठाकर आणि कातकरी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून हे रान ओळखून आहेत. आजही उन्हाळ्यात करवंदं आणि जांभळं पानांत बांधून ते वर विकायला आणतात. घेतली तर त्यांच्याकडूनच घ्या.

झाडांमध्ये राहिल्याने माणूस सुधारतो हे आपल्या आज्या सांगायच्या, आणि अभ्यासकांनीही ते तपासलं आहे. रॉजर उल्रिक यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. मिशिगनच्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने याचं कारण लक्ष देण्याच्या शक्तीत शोधलं. ऑफिसात, रहदारीत, परीक्षेत आपण ताण देऊन लक्ष एकवटतो आणि ती शक्ती दमते. हलणारी पानं, ढग, पाणी यांच्याकडे लक्ष ओढलं जातं, पण त्याला जोर लावावा लागत नाही, म्हणून दमलेली शक्ती परत भरते. एवढं ध्यानात ठेवलं तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. ज्या गोष्टीसाठी धावपळ करावी लागेल ती सोडायची.

कधी जावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत सोपा काळ. हवा कोरडी, आकाश स्वच्छ, रात्री स्वेटर लागेल इतकी थंडी. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते ३१ डिसेंबर आणि जोडून आलेले शनिवार-रविवार टाळा. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते म्हणून सगळेच निघतात. तेव्हाच जायचं असेल तर सोमवार ते गुरुवार जा. खोलीचं भाडंही उतरतं आणि वाटा मोकळ्या मिळतात.

पावसाळा हा वेगळा विषय आहे. ढग खोलीत शिरतात, समोरचं माणूस दिसत नाही, लाल मातीचे ओहोळ वाहतात. ज्यांना पाऊस आवडतो त्यांच्यासाठी ते स्वर्गसुख आहे. पण पहिल्याच खेपेला, लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असताना जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. कपडे वाळत नाहीत, कड्यांवर शेवाळ असतं, दरीचं काही दिसत नाही आणि घाटात दरड येऊ शकते. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच डोंगररांगेत इर्शाळवाडीवर दरड कोसळून अनेक घरं माणसांसकट गाडली गेली. हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल तर पैसे बुडाले तरी बेत रद्द करायचा, यावर घरात चर्चा नको.

किमान दोन रात्री काढा. एका रात्रीत शरीर फक्त प्रवासाचा शीण काढतं. खरा आराम दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून पडल्यावर सुरू होतो.

नेरळपर्यंत आणि नेरळहून वर

मुंबईकडून कर्जत किंवा खोपोली लोकल पकडा आणि नेरळला उतरा. पुण्याकडून येणाऱ्यांनी कर्जतला उतरून मुंबईकडे जाणारी लोकल घ्यावी. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या नेरळला थांबत नाहीत. नेरळहून वर जायचे दोन मार्ग आहेत.

एक, छोटी गाडी. आदमजी पीरभॉय कुटुंबाने स्वतःच्या पैशांतून बांधलेला हा दोन फुटी रुळांचा मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. सुमारे २१ किलोमीटर अंतर, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही स्टेशनं आणि इतकी वळणं की पुढचा डबा खिडकीतून दिसतो. अडीच तासांच्या आसपास लागतात. २०१९ च्या पावसात मार्ग वाहून गेला होता, तो दुरुस्त होऊन ऑक्टोबर २०२२ मध्ये गाडी पुन्हा धावू लागली. पावसाळ्यात नेरळहून गाडी बंद असते. फेऱ्या आणि जागा मोजक्या आहेत, तिकीट नेरळच्या खिडकीवर मिळतं, म्हणून वेळ आदल्या दिवशी तपासा आणि स्टेशनवर लवकर पोचा. मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर मुलांसमोर चेहरा पाडू नका, वर गेल्यावर त्याच रुळांवरचा छोटा टप्पा करता येतो.

दुसरा मार्ग टॅक्सीचा. नेरळ स्टेशनबाहेर माणशी दराने किंवा पूर्ण गाडी करून टॅक्सी मिळते आणि ती गावाबाहेरच्या दस्तुरी नाक्यावर सोडते. स्वतःची गाडीही दस्तुरीच्या वाहनतळापर्यंत नेता येते. पण घाट खडा आहे, वळणं आवळ आहेत. घाटात गाडी चालवायची सवय नसेल तर आपली गाडी नेरळलाच लावा. चालवणाऱ्याचा जीव टांगणीला लागला तर त्याची सुट्टी तिथंच संपते. ज्यांना गाडी लागते त्यांनी निघण्याआधी भरपेट खाऊ नये. पुढच्या सीटवर बसावं, खिडकी उघडी ठेवावी, आलेपाक तोंडात धरावा.

दस्तुरी नाका: इथं घाई करू नका

नवखी माणसं सर्वांत जास्त गोंधळतात ती इथं. उतरल्याबरोबर घोडेवाले, हमाल, हॉटेलांचे एजंट सगळे एकदम बोलू लागतात. अमुक गाडी बंद आहे, गाव फार लांब आहे, चालत जाताच येणार नाही, असं सांगितलं जातं. अशा फसवणुकीला गावातले लोकही वैतागले होते. २०२५ च्या मार्चमध्ये त्याविरुद्ध माथेरानकरांनीच गाव बंद ठेवलं होतं. तुम्ही शांतपणे एका बाजूला उभे राहा, सगळ्यांना पाणी प्यायला द्या आणि मग ठरवा.

नाक्यावर प्रवासी कर भरून पावती घ्यायची. तिथून काही मिनिटांच्या अंतरावर अमन लॉज स्टेशन आहे. अमन लॉज ते माथेरान ही शटल गाडी वीसेक मिनिटांत गावात पोचवते आणि नेरळची गाडी बंद असते त्या पावसाळ्यातही ती सहसा चालू असते. गाडी आहे की नाही ते स्वतः खिडकीवर विचारा. चालत जायचं तर अंतर साधारण अडीच ते तीन किलोमीटर. वाट झाडीतली, फारसा चढ नाही, सातआठ वर्षांचं मूल सहज चालतं. सामान हमालाकडे द्या, दर आधी ठरवा, आणि रुळांच्या कडेकडेने रमतगमत चला.

घोड्याचे दर नाक्यावरच्या फलकावर लिहिलेले असतात. ते वाचूनच बोला. लहान मुलाला घोड्यावर बसवलं तर लगाम घोडेवाल्याच्याच हातात हवा आणि घोडा चालतच न्यायचा, दौडवायचा नाही, हे आधीच बजावा.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी पूर्वी हातरिक्षा हाच आधार होता. माणसाने माणसाला ओढायचं हे बघवत नसे. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. हा निर्णय मला मनापासून पटला. ई-रिक्षा मोजक्या असतात, म्हणून आजी-आजोबा बरोबर असतील तर हॉटेलवाल्याला आदल्या दिवशी फोन करून त्या दिवशीची सोय विचारून घ्या.

काय न्यावं

- चाकांची मोठी बॅग नेऊ नका. लाल मातीत आणि दगडांत चाकं अडकतात. पाठीवरच्या सॅक बऱ्या.
- तळव्याला खाचा असलेले जुने बूट. माथेरानची माती कपड्यांत शिरली की धुतल्यावरही तांबूस छटा राहते, म्हणून पांढरं काही नको.
- थंडीत स्वेटर-कानटोपी, पावसात छत्रीपेक्षा रेनकोट. बॅटरी प्रत्येकी एक, कारण रात्री वाटांवर उजेड कमी असतो आणि वीजही जाते.
- नेहमीची औषधं दोन दिवस जास्तीची, पट्ट्या, ओआरएस, तापाचं औषध. गावात नगरपरिषदेचा दवाखाना आहे, पण तुमच्या आजोबांची नेमकी गोळी तिथं मिळेलच असं धरून चालू नका.
- रोख पैसे. रेंज गेली की फोनवरून पैसे जात नाहीत.
- पत्त्यांचा कॅट.

खाऊ नेताना प्लॅस्टिकची पिशवी हातात धरून चालू नका. माकडांना त्या पिशवीचा अर्थ पक्का ठाऊक आहे. खोलीच्या खिडक्या लावून घ्या, आणि माकडांना काहीही खायला घालू नका. मुलांना हे एकदा समजावलं की ती मोठ्यांपेक्षा जास्त कटाक्षाने पाळतात.

मुक्काम

खोली निवडताना मी दोन गोष्टी विचारते: ओटी किंवा व्हरांडा आहे का, आणि जेवण आहे का. बाकी सगळं त्यानंतर. झाडीत उघडणारा व्हरांडा असेल तर निम्मी सुट्टी तिथंच जाते. दूरचित्रवाणी नसलेली खोली मिळाली तर ती घ्या.

जेवणाबद्दल माझं मत ठाम आहे. चहा-नाश्त्यासकट दोन्ही वेळचं जेवण मिळेल अशीच जागा घ्या. स्वस्त पडतं म्हणून शेगडी आणि शिधा घेऊन जाणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. त्यांच्यातली बाई डोंगरावर येऊनही कुकरच्या शिट्ट्याच मोजत असते. वर्षभर ज्यांच्या हाती स्वयंपाकघर असतं त्यांना आयतं ताट मिळायला हवं, तेही गरम, आणि त्यांच्या आधी कोणी उठू नये. सगळ्या घराच्या विसाव्याचा पाया हा आहे. आई ताजीतवानी झाली की बाकीच्यांचं निम्मं काम झालेलं असतं. गुजराती, पारशी, मराठी अशा सगळ्या पद्धतींचं जेवण देणारी जुनी हॉटेलं इथं आहेत. गावात लोक घरगुती खोल्याही देतात आणि एमटीडीसीचं निवास दस्तुरीजवळ आहे. वयस्करांना कमी चालायचं असेल तर ते सोयीचं.

पहिला दिवस: काही करू नका

पोचलात की हातपाय धुवा, जेवा, झोपा. संध्याकाळी बाजारात एक फेरी, चिक्की घ्या, चामडी चपला पाहा, परत या. पॉइंट उद्या.

मुलं पहिल्या दोन-तीन तासांत "कंटाळा आला" म्हणतील. म्हणू द्या, लगेच फोन हातात देऊ नका. फोनचा नियम घरून निघतानाच ठरवा आणि तो मोठ्यांनाही लागू करा: दिवसातून एकदा, जेवणानंतर, अर्धा तास. बापाने व्हरांड्यात बसून ऑफिसचे मेल पाहिले की नियम मोडला. रात्री गाण्याच्या भेंड्या, नाव-गाव-फळ-फूल, पत्ते. लाइट गेले तर फारच छान.

दुसरा दिवस: सकाळ आणि संध्याकाळ, मधे रिकामं

पहाटे उठून पूर्वेकडच्या एका पॉइंटवर जा. अलेक्झांडर किंवा रामबाग बाजारापासून जवळ पडतात. पॅनोरमा उत्तर टोकाला आहे, तिथला सूर्योदय फार सुंदर, पण लांब चालावं लागतं. सगळ्यांचे पाय तयार असतील तरच. अंधारात निघताना एकाने पुढे आणि एकाने मागे बॅटरी धरावी.

सूर्योदयानंतर परत येताना घाई करू नका, कारण रानातली खरी हालचाल याच वेळी असते. वर पाहत चला. उंच फांद्यांच्या बेचक्यात पानांचा आणि काटक्यांचा फुटबॉलएवढा किंवा त्याहून मोठा गोळा दिसला तर ते शेकरूचं घरटं. शेकरू म्हणजे तांबूस पाठीची, झुपकेदार शेपटीची मोठी खार, आपल्या राज्याचा मानाचा प्राणी. एकच शेकरू एकाहून जास्त घरटी बांधतं, त्यामुळे प्रत्येक घरट्यात ते असेलच असं नाही. आधी आवाज येतो, लाकडी खुळखुळा जोरात वाजवल्यासारखा, मग फांदी हलते. तेव्हा जागच्या जागी थांबायचं, बोट दाखवायचं नाही, कुजबुजायचंही नाही. दहा मिनिटं असं मान वर करून उभं राहिलेलं मूल पाहिलं की कॅप्लन दांपत्य काय म्हणत होतं ते समजतं. एरवी ज्याला दोन मिनिटं एका जागी बसवत नाही तेच हे मूल.

दुपारी जेवण आणि झोप. मधे काहीही घालू नका, कितीही मोह झाला तरी.

चारनंतर शार्लोट तलावाकडे निघा. बांधाजवळच पिसरनाथ महादेवाचं देऊळ आहे, माथेरानचं ग्रामदैवत. तलावाचं पाणी गावाला पिण्यासाठी आहे, तेव्हा त्यात पाय बुडवू नका, आणि मुलांना काठावर एकटं सोडू नका. इथून एको आणि लुईझा हे पॉइंट जवळ आहेत. सूर्यास्ताला पॉर्क्युपाइन पॉइंट, समोर प्रबळगड. यांतला एकच निवडा. तिथं तासभर बसा. कठड्याच्या पलीकडे फोटोसाठी एक पाऊलही टाकू नका. कड्याच्या कडेची माती भुसभुशीत असते आणि खाली सरळ दरी आहे.

आजी-आजोबांना सगळीकडे ओढत नेऊ नका, पण खोलीत एकटंही ठेवू नका. माझ्या सासूबाई चालू शकत नव्हत्या, म्हणून आम्ही त्यांना बाजाराजवळच्या एका पारावर बसवलं आणि आळीपाळीने त्यांच्याशेजारी थांबलो. त्यांनी नातवाला हिरडा कसा ओळखायचा, तो कशाकशावर देतात, त्यांच्या माहेरी शिकेकाई कशी कुटत, हे सगळं सांगितलं. त्या दोघांचं इतकं लांब बोलणं घरी कधी झालं नव्हतं. आजोबांना इतिहासाची आवड असेल तर त्यांना भाई कोतवालांबद्दल सांगायला लावा. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल १९१२ मध्ये याच गावात एका नाभिक कुटुंबात जन्मले, वकील झाले, १९४२ च्या चळवळीत मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडणाऱ्या दस्त्याचे नेते बनले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हुतात्मा झाले. ज्या गावात आपण उतरलोय तिथलाच हा माणूस, हे कळल्यावर मुलं कान देऊन ऐकतात.

परतीचा दिवस

सकाळी कुठंही जायचं नाही. नाश्ता करून व्हरांड्यात बसा, सामान आवरा. आपला सगळा कचरा, वेफर्सची रिकामी पाकिटंसुद्धा, पिशवीत भरून खाली न्या. डोंगरावरून कचरा उतरवणं गावाला फार जड जातं.

दुपारच्या आत दस्तुरी गाठा. रविवारी संध्याकाळी टॅक्सीसाठी रांग लागते आणि नेरळहून लोकलमध्ये मुलांना घेऊन चढणं कठीण होतं. जमलं तर रविवारऐवजी सोमवारी उतरा, किंवा परतल्यावरचा निदान अर्धा दिवस मोकळा ठेवा. धुण्याचा ढीग, रिकामा फ्रीज आणि दुसऱ्या दिवशीचे डबे एकदम अंगावर येतात. म्हणून निघण्याआधीच घरी खिचडीचे डाळ-तांदूळ एका डब्यात काढून ठेवा, आणि ती खिचडी कोण टाकणार तेही माथेरानलाच ठरवून या. ज्यांच्या हाती एरवी स्वयंपाकघर असतं ते सोडून दुसऱ्या कोणीतरी.